सिएरा नेवाडाचं परमिट: मुंबईत बसून ते कसं मिळवायचं

राजमाचीला जायचं ठरलं की शुक्रवारी रात्री सॅक भरायची, कर्जतची शेवटची लोकल पकडायची आणि चालू पडायचं, ही मुंबईतल्या ट्रेकरची सवय. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घेतली, फार तर वहीत नावं लिहिली, की काम झालं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात ही सवय कामाची नाही. तिथे रानात एक रात्र जरी मुक्काम करायचा असेल तरी परवाना लागतो, माणसं मोजून सोडतात, आणि नावाजलेल्या वाटांचे परवाने मोसमाच्या पाच-सहा महिने आधीच उचलले जातात.

आपल्याकडचे कितीतरी जण उन्हाळ्यात मुलीकडे, भावाकडे बे एरियात जातात. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेली, हिमालयात मोठे ट्रेक केलेली ही माणसं जॉन म्यूर ट्रेलचं नाव ऐकून असतात. विमानाचं तिकीट निघतं, रजा मंजूर होते, आणि मे महिन्यात कुणीतरी विचारतं, "परमिटचं काय?" तोवर पहिली फेरी संपलेली असते. दुसऱ्या फेरीतही मिळतं, ते कसं हे पुढे सांगतोच. पण जानेवारीत कॅलेंडर घेऊन बसणाऱ्याचं काम फार सोपं होतं. परमिट नशिबाने मिळतं असं बरेच जण धरून चालतात. माझं म्हणणं आहे की निम्म्याहून जास्त काम वाट आणि तारीख निवडतानाच होतं.

कोटा वाटेला नसतो, दाराला असतो

हा भाग नीट समजला तर बाकीचं आपोआप सुटतं, म्हणून इथे जरा थांबू.

अमेरिकेत १९६४ साली वाइल्डरनेस ॲक्ट झाला. त्या कायद्याने राखलेल्या रानात रस्ते नाहीत, मोटारी नाहीत, हॉटेलं नाहीत. गाडीरस्ता संपून वाट सुरू होते त्या जागेला ट्रेलहेड म्हणतात, आणि कोटा या ट्रेलहेडवर मोजला जातो: अमुक दिवशी अमुक ट्रेलहेडवरून मुक्कामासाठी इतकीच माणसं आत जातील. एकदा आत गेलात की सिएराच्या बहुतेक भागात कुठल्या रात्री कुठे तंबू लावायचा हे तुमचं तुम्ही ठरवता. पाण्यापासून आणि वाटेपासून लांब राहायचं, आधीच वापरलेल्या उघड्या जमिनीवर तंबू लावायचा, असे नियम असतात. पण हरिश्चंद्रगडाच्या गुहेत जागा धरावी तशी एखाद्या तळ्याकाठची जागा कुणी आधी धरून ठेवत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की एकच परवाना पूर्ण वाटेला चालतो. जॉन म्यूर ट्रेल योसेमिटीतल्या हॅपी आइल्सपासून माउंट व्हिटनीच्या शिखरापर्यंत २११ मैल, म्हणजे साधारण ३४० किलोमीटर जातो. वाटेत योसेमिटी नॅशनल पार्क, इन्यो आणि सिएरा ही राष्ट्रीय अरण्यं, किंग्ज कॅनियन आणि सेकोइया ही राष्ट्रीय उद्यानं लागतात. या प्रत्येकाचा वेगळा परवाना काढायचा नसतो. ज्या हद्दीतून आत शिरता तिथला परवाना सलग प्रवासात सगळीकडे धरला जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एकाच सुंदर तळ्याकडे चार दारांनी जाता येतं आणि चारही दारांचे कोटे वेगळे असतात. थाउजंड आयलंड लेकचंच बघा. तिथे रिव्हर ट्रेलने जाता येतं, वरच्या अंगाच्या हाय ट्रेलने जाता येतं, शॅडो क्रीकवरून जाता येतं आणि सिल्व्हर लेकजवळच्या रश क्रीकवरूनही जाता येतं. शॅडो क्रीक भरलं म्हणून गप्प बसणाऱ्याने रश क्रीकचा रकाना उघडून बघितलेलाच नसतो. रे लेक्सचंही तसंच. पश्चिमेकडून रोड्स एंडहून फेरी मारायची तर सेकोइया-किंग्ज कॅनियनचं परमिट लागतं. पण पूर्वेकडून ऑनियन व्हॅलीला गाडी लावून केअरसार्ज खिंड ओलांडली आणि पुढे ग्लेन खिंड केली, तर त्याच तळ्यांवर इन्योच्या परमिटवर पोचता.

दिवसभरात जाऊन परत येणार असाल तर बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही. मोठे अपवाद दोन, माउंट व्हिटनी आणि योसेमिटीतला हाफ डोम हा उंच कातळ.

आधी व्हिसा, मग माणसं, मग तारीख

व्हिसा नसेल तर परमिटच्या मागे लागू नका. बीकेसीतल्या वकिलातीची मुलाखतीची तारीख कधी मिळेल हे आपल्या हातात नसतं, आणि परमिट हातात असल्याने व्हिसा लवकर मिळत नाही. पासपोर्टवर व्हिसा असलेल्यांचाच गट करा. बाकीच्यांनी पुढच्या मोसमात जायचं.

गट लहान ठेवा. योसेमिटी आणि इन्योत वाटेवर एका गटात जास्तीत जास्त १५ जण चालतात, पण कागदावरच्या या आकड्याचा आपल्याला उपयोग नाही. एखाद्या ट्रेलहेडचा त्या दिवसाचा शिल्लक कोटा तीन माणसांचा असेल तर चौघांच्या गटाला तो दिवस भरलेला दिसतो. दोघे असाल तर काम सगळ्यात सोपं. सहा-आठ जण जमले असतील तर दोन-तीन लहान गट करा, प्रत्येकाचा वेगळा लीडर, वेगळं परमिट, लागोपाठच्या तारखा. मग स्वयंपाक, तंबू आणि चालण्याचा वेगही आपापला ठेवता येतो. मात्र १५ च्या मर्यादेला वळसा घालण्यासाठी मोठा गट तोडून एकत्र चालणं नियमात बसत नाही.

माणसांचा आकडा सुरुवातीलाच पक्का करा. नंतर कमी करता येतो. वाढवायचा तर कोट्यात जागा उरलेली लागते, आणि ती बहुधा नसते.

तारखेबाबत सिएराचा उन्हाळा समजून घ्यावा लागतो. जूनमध्ये उंच खिंडींवर बर्फ असतो. २०२३ मध्ये इतका बर्फ पडला की योसेमिटीतला टायोगा रोड २२ जुलैला उघडला. जुलैत ओढे भरून वाहतात, रानफुलं असतात आणि डास हैराण करतात. ऑगस्टमध्ये वाटा कोरड्या होतात. दुपारनंतर वीज-गडगडाट होतो, म्हणून खिंडी सकाळीच ओलांडायच्या. सप्टेंबरात रात्री गारठा वाढतो, पण डास गेलेले आणि गर्दी उतरलेली असते, विशेषतः पहिल्या सोमवारच्या लेबर डेच्या सुट्टीनंतर. मला विचाराल तर सप्टेंबर. अडचण एवढीच की बरेचदा गणपतीही तेव्हाच येतात, आणि घरात गणपती बसत असेल तर त्या दिवसांत पॅसिफिकपलीकडे असण्यात अर्थ नाही. म्हणून पंचांग आणि तिथल्या सुट्ट्या शेजारी ठेवून तारीख काढा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर येऊ शकतो, तेवढी मनाची तयारी ठेवायची.

आठवड्याचा वारही बघा. शनिवारी सुरुवात करणारे तिथलेच नोकरदार असतात. तुम्ही रजा घेऊनच आलेले, तेव्हा सोमवार ते बुधवारमधला दिवस धरा.

वाटांची यादी: एक नाही, पाच

कागद घ्या आणि पसंतीच्या क्रमाने पाच जोड्या लिहा. प्रत्येक जोडीत ट्रेलहेड आणि तारीख. हे काम बुकिंगची खिडकी उघडायच्या आदल्या आठवड्यात करायचं, त्या संध्याकाळी नव्हे.

पूर्ण जॉन म्यूर ट्रेल उत्तरेकडून दक्षिणेकडे करायचा असेल तर ते सगळ्यात अवघड परमिट. योसेमिटीतून निघून डोनोह्यू खिंडीने बाहेर पडणाऱ्यांवर २०१५ पासून दिवसाला ४५ जणांची मर्यादा आहे. त्यासाठी अर्जात ट्रेलहेड निवडतानाच डोनोह्यू खिंडीची सोय असलेला पर्याय घ्यावा लागतो: हॅपी आइल्सहून लिटल योसेमिटी व्हॅलीच्या पुढे जाणारा, किंवा टुओलमी मेडोजच्या लायल कॅनियनचा. साधा हॅपी आइल्स घेतलात आणि मनात डोनोह्यू असेल तर रेंजर तो परवाना बदलून देणार नाही.

याला सरळ उत्तर म्हणजे उलट चाला. दक्षिणेला हॉर्सशू मेडोपाशी कॉटनवुड पास आणि कॉटनवुड लेक्स असे दोन ट्रेलहेड आहेत. तिथून निघून उत्तरेकडे योसेमिटीला जाणाऱ्यांना डोनोह्यूचा तो कोटा लागत नाही. वाटेत व्हिटनी पश्चिमेच्या अंगाने चढून पुन्हा पश्चिमेलाच उतरता येतो. व्हिटनी करून पूर्वेला व्हिटनी पोर्टलकडे उतरायचं असेल तर मात्र ट्रेल क्रेस्ट या खिंडीवरून बाहेर पडण्याचा वेगळा कोटा आहे, दिवसाला २५ जणांचा, आणि तो बुकिंग करतानाच घ्यावा लागतो.

तीन आठवडे सगळ्यांना मिळत नाहीत. आठवडाभराचा वेळ असेल तर नॉर्थ लेक ते साउथ लेक ही वाट मी सगळ्यात आधी सुचवेन. साधारण ५५ मैल. पियूट खिंडीने आत, इव्होल्यूशन व्हॅलीतून वर, १९३० साली बांधलेली दगडी झोपडी असलेली म्यूर खिंड, मग लेकाँट कॅनियनमध्ये उतरून बिशप खिंडीने बाहेर. जॉन म्यूर ट्रेलचा सगळ्यात देखणा पट्टा यात येतो, असं माझं ठाम मत आहे. परमिटच्या दृष्टीने याची खुबी अशी की ही वाट दोन्हीकडून करता येते. त्यामुळे पियूट खिंड भरली तर बिशप खिंड बघायची आणि उलट चालायचं.

तीन-चार दिवसच असतील तर मॅमथ लेक्सहून डक पास, ऑनियन व्हॅलीहून केअरसार्ज, किंवा वर सांगितलेलं थाउजंड आयलंड लेक. पहिल्यांदा जाणाऱ्याला एवढं भरपूर आहे.

कॅलेंडर उलटं मोजा

आता प्रत्येक ठिकाणची पद्धत. सगळं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या एकाच सरकारी संकेतस्थळावर होतं. नियम मात्र जागोजागी वेगळे.

इन्यो राष्ट्रीय अरण्य सगळ्यात सरळ आहे. कोट्याचा मोसम १ मे ते १ नोव्हेंबर. कोट्याचा ६० टक्के भाग निघायच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी उघडतो आणि उरलेला ४० टक्के दोन आठवडे आधी, दोन्ही वेळा पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता. १२ ऑगस्टला निघायचं असेल तर पहिली खिडकी १२ फेब्रुवारीला आणि दुसरी २९ जुलैला. बुकिंगमागे ६ डॉलर आणि माणशी ५ डॉलर.

योसेमिटीत लॉटरी असते. तिथेही ६० टक्के आधी आणि ४० टक्के नंतर, पण आधीच्या भागासाठी २४ आठवडे मागे जावं लागतं. ज्या रविवार ते शनिवार आठवड्यात तुमची सुरुवात आहे, त्याच्या २४ आठवडे आधीच्या आठवड्यात अर्ज खुला असतो. त्या आठवड्यात कधीही भरा, पहिल्या मिनिटाला भरला काय नि शेवटच्या दिवशी भरला काय, संधी सारखीच. सोमवारी निकाल, गुरुवारपर्यंत स्वीकारायचं, आणि कुणी न घेतलेल्या जागा शुक्रवारी तिथल्या सकाळी ९ ला सगळ्यांना खुल्या होतात. ही शुक्रवारची खिडकी अनेकांच्या लक्षात येत नाही. लॉटरी न लागलेल्यांनी ती जरूर गाठावी. अर्जात पसंतीक्रमाने अनेक पर्याय देता येतात, ते सगळे भरा. आठवडे मोजताना गोंधळ नको म्हणून पार्कच्या पानावरचा तारखांचा तक्ता बघा. उरलेला ४० टक्के भाग निघायच्या सात दिवस आधी सकाळी ७ ला उघडतो. अर्जाचे १० डॉलर, लॉटरी लागल्यास माणशी ५ डॉलर.

माउंट व्हिटनीची उंची सुमारे १४,५०० फूट. अलास्का सोडली तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर, त्यामुळे मागणी प्रचंड. पूर्वेकडच्या मुख्य वाटेने दिवसाला १०० जण एका दिवसात परतण्यासाठी आणि ६० जण मुक्कामासाठी सोडतात. लॉटरीचे अर्ज १ फेब्रुवारी ते १ मार्च, निकाल १५ मार्चला. निकाल लागल्यावर मुदतीत स्वीकारून पैसे भरावे लागतात. कुणी न स्वीकारलेल्या तारखा एप्रिलच्या उत्तरार्धात पुन्हा बाजारात येतात. माणशी १५ डॉलर. इथे मलमूत्राची खास पिशवी मिळते आणि आपली विष्ठा तीतून खाली आणणं बंधनकारक आहे. नाक मुरडू नका. कळसूबाईच्या माथ्यावर पावसाळी रविवारनंतर काय उरतं ते ज्याने बघितलंय त्याला हा नियम पटेल.

हाफ डोमच्या तारांवर चढायला दिवसाला सुमारे ३०० जण, त्यातले २२५ दिवसाचे आणि ७५ मुक्कामी ट्रेकर. मुख्य लॉटरी १ ते ३१ मार्च. शिवाय मोसमात रोज एक छोटी लॉटरी होते, चढाईच्या दोन दिवस आधी. नातेवाइकांकडे महिनाभर असाल तर या रोजच्या लॉटरीत पुन्हा पुन्हा नाव टाकता येतं.

सिएरा सोडून सिॲटलकडे जाणार असाल तर वॉशिंग्टन राज्यातल्या एन्चँटमेंट्स या डोंगरी तळ्यांच्या भागातल्या मुक्कामी परवान्याची लॉटरी १५ फेब्रुवारी ते १ मार्च असते. त्यात कोअर झोनला तोबा गर्दी, स्नो किंवा कोल्चक झोन मागितला तर आशा जास्त. माउंट रेनियरभोवतीच्या ९३ मैलांच्या वंडरलँड ट्रेलला फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळी लॉटरी असते. तिच्यात परमिट मिळत नाही, लवकर बुकिंग करायची वेळ मिळते. तिथे तर रोजचा तळही आधी ठरवावा लागतो, म्हणून सिएराचा अनुभव तिथे थेट लावू नका.

साडेसात की साडेआठ

कॅलिफोर्नियाचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेतेरा तास. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे तिथले सकाळचे ७ जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, आणि मार्चच्या मध्यापासून पुढे संध्याकाळचे साडेसात. जुलै-ऑगस्टच्या ट्रेकसाठी पहिली खिडकी साडेआठला, दोन आठवड्यांची खिडकी साडेसातला. योसेमिटीची शुक्रवारची खिडकी हिवाळ्यात रात्री साडेदहाला, उन्हाळ्यात साडेनऊला.

वेळ आपल्या सोयीची आहे. पहाटे उठायला नको. पण साडेसात म्हणजे मुंबईत ऐन गर्दीची वेळ. दादर-ठाण्याच्या मधे लटकत असताना मोबाइलवर हे बुकिंग करायला जाऊ नका. कुर्ल्याच्या आसपास रेंज गेली की परमिट गेलं. त्या दिवशी ऑफिसात थांबा, नाहीतर लवकर निघून घर गाठा. लॅपटॉप, चांगलं वायफाय, आणि फोनचा हॉटस्पॉट तयार.

तयारी अशी करा. रिक्रिएशन डॉट गव्हवर खातं आठवडाभर आधी उघडा, +९१ चा नंबर आणि इथला पत्ता चालतो. लीडरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे पासपोर्टमध्ये पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही येतं. रेंजर ओळखपत्राशी ताडून बघतो, तेव्हा दोन्हीकडे सारखं असू द्या. लीडर चालायला येणाराच हवा. सॅन होजेतला चुलतभाऊ येणार नसेल तर त्याच्या नावावर परमिट काढून उपयोग नाही, कारण ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. अर्जात पर्यायी लीडरची सोय असते, तिथे गटातल्या आणखी एकाचं नाव घालाच. ऐनवेळी लीडर आजारी पडला तर ते एक नाव सगळ्यांचा ट्रेक वाचवतं.

कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड असावं. नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून मर्यादा वाढवा. पहिल्याच परदेशी व्यवहाराला बँक कधी कधी अडवते, म्हणून आदल्या आठवड्यात एखादी छोटी परदेशी खरेदी करून बघा. दुसरं कार्ड हाताशी असू द्या.

खिडकी उघडायच्या दहा मिनिटं आधी लॉगिन करा. त्या अरण्याचं पान उघडून मुक्कामी परवान्याचा प्रकार निवडा आणि माणसांचा आकडा भरा. हा आकडा भरल्याशिवाय रिकाम्या जागा दिसतच नाहीत. तारखा अमेरिकन पद्धतीने महिना आधी, दिवस नंतर अशा असतात. ०८/०७ म्हणजे ७ ऑगस्ट, ८ जुलै नाही. डाव्या बाजूला ट्रेलहेड, वर तारखा, असा तक्ता येतो. वेळ होताच तो ताजा करा, आपला चौकोन दाबा, बुकिंगचं बटण दाबा. एकदा ते परमिट कार्टमध्ये आलं की १५ मिनिटं तुमच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. म्हणून आधी चौकोन पकडा, मग शांतपणे नावं, गाडीचा तपशील आणि बाहेर पडायची जागा भरा. उलट क्रमाने करणाऱ्यांच्या हातून जागा जाते.

गटातल्या दोघांनी वेगवेगळ्या खात्यांवरून वेगवेगळे ट्रेलहेड बघावेत आणि फोनवर जोडलेलं असावं. एकाला मिळालं की दुसऱ्याने लगेच थांबायचं. दोन्ही घेऊन ठेवू आणि नंतर बघू, असं करू नका. तुम्ही धरून ठेवलेल्या जागेमुळे कुणीतरी घरी बसतं.

नाही मिळालं तर

पहिल्या खिडकीत रिकाम्या हाताने परतलात तर चरफडत बसू नका. रद्द झालेली परमिटं तक्त्यात परत येतात. रोज सकाळी आणि रात्री एकदा नजर टाका. मोसमाच्या सुरुवातीला बर्फाच्या बातम्या आल्या की, किंवा निघायच्या दोन-तीन आठवडे आधी लोकांचे बेत फिस्कटले की, बऱ्याच जागा मोकळ्या होतात.

त्यानंतर इन्योची दोन आठवड्यांची आणि योसेमिटीची सात दिवसांची खिडकी. पाहुणे म्हणून तिकडे आधीच पोचलेल्यांना ही सगळ्यात सोयीची. तेव्हा बर्फ, धूर, तब्येत, सगळं डोळ्यांसमोर असतं. विमानाची तिकिटं परमिटच्या भरवशावर न काढता नातेवाइकांना भेटायच्या तारखांवर काढली असतील, तर चार-पाच दिवस पुढे-मागे सरकायची मुभा ठेवा. ती मुभा हेच इथलं भांडवल.

एक गोष्ट मात्र करू नका. कुणी परमिट विकत देतो म्हणाला तर घेऊ नका. परमिट नावावर असतं, ओळखपत्राशिवाय मिळत नाही, आणि विकलेलं परमिट रद्द होतं.

हातात आल्यावर

पुष्टीची ईमेल म्हणजे परमिट नव्हे. ती जपून ठेवा आणि परमिट कुठून, कोणत्या वेळेत घ्यायचं ते तीत वाचा. योसेमिटीत ते वाइल्डरनेस सेंटरवर आदल्या दिवशी किंवा निघायच्या दिवशी सकाळी मिळतं. उशीर झाला आणि कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. इन्योची केंद्रं लोन पाइन, बिशप, मॅमथ लेक्स अशी पूर्व बाजूच्या ३९५ नंबरच्या महामार्गाच्या आसपास आहेत. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने तिथे पोचायला अख्खा दिवस धरा.

परमिट देताना रेंजर बेअर कॅनिस्टरबद्दल विचारतो. अस्वलाला उघडता न येणारा हा कडक डबा योसेमिटीच्या रानात सगळीकडे आणि इन्योच्या बऱ्याच भागात बंधनकारक आहे. मुंबईतून न्यायची गरज नाही, तिथे भाड्याने मिळतो. मात्र जेवणाचा बेत त्याच्या मापाने करा: चिवडा जागा खातो, पिठलं, भाजलेला रवा, मेतकूट-भात बसतो. साबण, टूथपेस्ट, सनस्क्रीन, वासाचं सगळं त्याच डब्यात जातं. गॅसचा डबा विमानातून चालत नाही, तोही तिथेच घ्यायचा.

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षं आणि त्यावरील पाहुण्यांना योसेमिटी आणि सेकोइया-किंग्ज कॅनियनसह ११ मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशासाठी माणशी १०० डॉलर जादा पडतात. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरला आहे. इन्यो हे राष्ट्रीय अरण्य असल्याने ते या ११ मध्ये नाही. खर्चाचा हिशेब करताना पूर्वेकडची दारं त्या कारणानेही बघावीत.

उंचीचा हिशेब परमिटच्या तारखेतच धरा. आपण समुद्रसपाटीवर राहतो आणि महाराष्ट्राचा माथा कळसूबाई १,६४६ मीटरचा, म्हणजे ५,४०० फुटांचा. हॉर्सशू मेडोजची गाडीतळाची जागाच १०,००० फुटांच्या आसपास आहे. तेव्हा परमिटच्या आधीच्या दोन रात्री बिशप-मॅमथच्या वरच्या अंगाला गाडीरस्त्यावरच्या कॅम्पग्राउंडमध्ये काढा. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी चालायला लागण्याची तारीख परमिटवर घेऊच नका, ती पुढे सरकवायला जागा मिळत नाही.

सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसताना उपग्रहावरून निरोप पाठवणारं उपकरण, तिथे भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. भारतात अशी उपकरणं परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोकांना त्यावरून अटक झालेली आहे. हौसेने विकत घेऊन सॅकेत टाकून आणू नका.

आणि जाणं रद्द झालं तर त्याच दिवशी संकेतस्थळावर जाऊन परमिट रद्द करा, गटातले दोघे गळले तर तेवढी माणसं कमी करा. अर्जाचे पैसे परत येत नाहीत, पण तक्त्यात तो चौकोन पुन्हा हिरवा होतो, आणि तिथे रोज सकाळ-रात्र नजर टाकणारं कुणीतरी असतंच.